वेग बिघडला की बफर वाढवा, हा सल्ला चुकीचा आहे

घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो. तो थोडक्यात असा: सॉफ्टवेअरमध्ये गाणं मूळपेक्षा जलद किंवा हळू वाजत असेल, तर कॉम्प्युटर कमी पडतोय. बफर साइज 1024 करा, रॅम वाढवा. प्रोजेक्ट 96 किलोहर्ट्झवर न्या. एमपी3 टाकून वेव्ह फाइल घ्या. एवढं करूनही जमलं नाही, तर ट्रॅक टाइम-स्ट्रेच करून, म्हणजे सूर न हलवता ताणून किंवा आवळून, तालात बसवा.

यातला एकही उपाय वेगाच्या दुखण्यावर चालत नाही. शेवटचा तर चांगल्या टेकचं, म्हणजे एका दमात रेकॉर्ड केलेल्या गाण्याचं, वाटोळं करतो, आणि मला या सल्ल्याचा राग येतो तो त्यामुळेच.

आधी बफर. प्रोसेसरला आवाजाचा पुढचा तुकडा तयार करून द्यायला जी मुदत मिळते ती बफर ठरवतो. 48 किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने (सॅम्पल) घेताना, 128 सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे 2.7 मिलिसेकंद, 1024 चा म्हणजे साधारण 21. मुदतीत तुकडा आला नाही की आवाज तुटतो, कटकट होते, चरचर येते. ताण फारच वाढला तर गाणं अडखळत चालतं आणि संपायलाही जास्त वेळ घेतं. पण त्या तुटक आवाजातसुद्धा सूर आपल्या जागीच असतो. तेव्हा गाणं अखंड, स्वच्छ वाजत असेल आणि तरी पट्टी चढली असेल, तर प्रोसेसरने त्याचं काम वेळेत केलेलं आहे. तिथे बफर वाढवून एवढंच होईल, की गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येईल. रॅमचंही तसंच. मोठी सॅम्पल-वाद्यं (रेकॉर्ड केलेल्या सुरांवर चालणारी वाद्यं) लोड करायला ती लागते, वेगाशी तिचा संबंध नाही.

मग वेग कशाने बदलतो? बहुतेक वेळा सॅम्पल रेटच्या, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल या आकड्याच्या, गोंधळाने. 44.1 किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये एका सेकंदासाठी 44,100 आकडे असतात, प्रत्येक सॅम्पलचा एक. समोरचं यंत्र तेच आकडे सेकंदाला 48,000 या दराने वाचायला लागलं, तर गाणं जवळपास 8.8 टक्के जलद पळतं. चार मिनिटांचं गाणं 3 मिनिटं 40 सेकंदांच्या आसपास संपतं. सूरही त्याच प्रमाणात चढतो, साधारण दीड सेमीटोन. हे दीड फार उपयोगाचं आहे. काळी एकमधलं गाणं चढून पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध कुठेतरी पडतं, म्हणजे पेटीची कुठलीच पट्टी त्याला जुळत नाही. उलटा प्रकार झाला, 48 ची फाइल 44.1 ने वाचली गेली, की तेच गाणं 4 मिनिटं 21 सेकंद चालतं आणि पांढरी एकच्याही खाली उतरतं. 48 आणि 96 मध्ये घोळ झाला तर सरळ एका सप्तकाचा फरक पडतो. कमजोर कॉम्प्युटर इतका काटेकोर दीड सेमीटोनचा फरक कधीच देत नाही.

त्यामुळे सेटिंगला हात लावण्याआधी फाइल साध्या प्लेयरमध्ये वाजवा, तिची लांबी बघा, आणि सॉफ्टवेअरमधल्या लांबीला तिने भागा. उत्तर 0.919 किंवा 1.088 च्या आसपास आलं तर निदान झालं.

सॅम्पल रेटचा आकडा चार ठिकाणी लिहिलेला असतो: फाइलमध्ये, प्रोजेक्टमध्ये, ऑडिओ इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या साउंड सेटिंगमध्ये. रीपर, ऑडॅसिटी यांसारखी सॉफ्टवेअर फाइल आणि प्रोजेक्टमधला फरक वाजवतानाच सांभाळून घेतात. प्रो टूल्समध्ये मात्र फाइल कन्व्हर्ट न करता नुसती जोडली, तर ती चुकीच्या वेगाने आणि चुकीच्या सुरात वाजते. ब्लूटूथ हेडसेटही तपासा. त्याचा माइक चालू झाला की तो फोनकॉलच्या पद्धतीवर जातो, रेट 16 किंवा 8 किलोहर्ट्झवर घसरतो, आणि काही वेळा प्रोजेक्टलाही सोबत खेचतो.

सगळ्यात फसवा प्रकार क्लॉकचा, म्हणजे सॅम्पल कोणत्या गतीने घ्यायचे आणि वाजवायचे ते ठरवणाऱ्या घड्याळाचा. इंटरफेसला डिजिटल केबलने दुसरं प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारं यंत्र) जोडलंय आणि क्लॉक त्या बाहेरच्या यंत्राकडून घेतलंय, असं समजा. ते 48 वर चालतंय, सॉफ्टवेअर मात्र 44.1 धरून बसलंय. आधीचा 44.1 चा ट्रॅक चढ्या सुरात वाजतो, गायिका त्याच चढ्या सुरात गाते, आणि रेकॉर्ड झालेलं लगेच ऐकलं तर ते ट्रॅकशी नीट जुळतं, कारण वाजवणारं क्लॉकही तेच. दुसऱ्या दिवशी बाहेरचं यंत्र बंद असतं. ट्रॅक आपल्या मूळ सुरावर येतो आणि गळा जड, ओढल्यासारखा, भलत्याच माणसाचा वाटायला लागतो. टेक उत्तम आहे, तो चढ्या पट्टीत गायला गेलाय इतकंच. अशा वेळी गायिकेला दोष देऊ नका आणि फाइल फेकू तर मुळीच नका.

आता दुसरी तऱ्हा: वेग बदललाय, पण सूर तसाच आहे. इथे सॅम्पल रेटचा दोष नाही, सॉफ्टवेअर मुद्दाम ताणतंय. एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर लांब फाइल आत घेताना आपणहून वॉर्प करू शकतं, म्हणजे प्रोजेक्टच्या लयीत ताणू शकतं, आणि मिनिटाला 70 ठोक्यांच्या लयीचं गाणं त्याने 140 चं समजलं तर क्लिप निम्म्या वेगाने वाजते. क्लिपचा वॉर्प बंद करून बघा, आणि सेटिंगमधला ऑटो-वॉर्पही काढून टाका. (वॉर्पचा री-पिच मोड असेल तर सूरही हलतो, तेवढा अपवाद.) रीपरमध्ये टाइमबेस (आयटम वेळेला बांधायचे की ठोक्यांना, ते ठरवणारी सेटिंग) बीट्सवर असेल, तर टेम्पो बदलताच ऑडिओ आयटमही ताणले जातात, तो टाइमवर ठेवा. रीपरच्या ट्रान्सपोर्टवरचा रेट 1.0 आहे का, लॉजिकमध्ये व्हॅरिस्पीड (अख्ख्या प्रोजेक्टचा वेग बदलणारी सोय) चालू राहिलंय का, हेही बघून घ्या. चुकून माउस लागलेल्या एका नॉबपायी अख्खं सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नसते.

96 किलोहर्ट्झचा उपाय तर भार दुप्पट करतो. 24 बिटची चार मिनिटांची स्टीरिओ फाइल 48 वर 69 एमबीच्या आसपास असते, ती 96 वर 138 एमबी होते. जुळत नसलेले दोन आकडे होते, त्यात तिसऱ्याची भर पडली. गाण्यासाठी 44.1 किंवा 48, व्हिडिओसाठी 48, यातलं एक ठरवा आणि चारही ठिकाणी तेच ठेवा.

एमपी3 ने आवाजाचा दर्जा घटतो हे खरं, वेग बदलत नाही. एन्कोडिंगमध्ये सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता भरली जाते, म्हणून ट्रॅक किंचित उशिरा सुरू होतो. व्हेरिएबल बिटरेटच्या (सेकंदागणिक डेटा कमी-जास्त होणाऱ्या) फाइलची लांबी प्लेयर कधी चुकीची दाखवतो. तेव्हा वरचा भागाकार करताना एमपी3 शेवटपर्यंत वाजवून लांबी पक्की करा.

आणि टाइम-स्ट्रेच. सॅम्पल रेटच्या चुकीत वेग आणि सूर दोन्ही हललेले असतात. टाइम-स्ट्रेच फक्त वेग जागेवर आणतो, मग सूर आणायला पिच-शिफ्ट (वेग न हलवता सूर बदलणं) लावावा लागतो, आणि या दोन प्रक्रियांत व्यंजनांची धार जाते, तबल्याच्या चाटेचा ठोका पसरट होतो. खरी दुरुस्ती याहून सोपी आहे: आकडे तेच ठेवून फक्त वाचण्याचा दर बदला. ऑडॅसिटीमध्ये ट्रॅकच्या मेनूतून रेट बदलता येतो. रीपरमध्ये आयटमचा प्लेबॅक रेट बदला, पण आधी सूर कायम ठेवण्याची खूण काढा. वरच्या गायिकेच्या फाइलला 1.088435 द्या. गाणं उलट जलद झालं असेल तर 0.91875. वेग आणि सूर एकदमच जागेवर येतात.

स्ट्रेच योग्य ठरतो तो एकाच ठिकाणी. दोन वेगळ्या यंत्रांवर, समजा कॅमेरा आणि रेकॉर्डरवर, एकाच वेळी लांब रेकॉर्डिंग केलं, दोन्हीकडे 48 च लिहिलंय, आणि तरी तासाभराने आवाज ओठांपासून सुटतो. दोघांच्या क्रिस्टलच्या, म्हणजे क्लॉक चालवणाऱ्या स्फटिकाच्या, गतीत सूक्ष्म फरक असतो. दहा लाखांत 50 चा फरकसुद्धा तासाला 180 मिलिसेकंदांवर जातो, पण सुरात तो कानाला कळत नाही. सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाळी वाजवा, दोन्ही फाइलमध्ये टाळ्यांमधलं अंतर मोजा, आणि त्या गुणोत्तराने एक फाइल ताणा.