मीटर जिन्याखालीच बरा

अहो, बडोद्यात घर घेतलंत ना, मग झालं तर, विजेचा मीटर कुठे लावायचा याचं कसलं टेन्शन घेताय? जिन्याखाली लावा. तिथे चपला असतात, रद्दी असते, मागच्या दिवाळीतला अर्धा डबा ऑइल पेंट आणि थिनरची बाटली असते, मीटरलाही जरा सोबत होते. वर, डोळ्यांच्या उंचीवर, कोरड्या भिंतीवर घेतला तर एन्ट्रन्सचा लूक जातो, आणि मग पाहुणे काय म्हणतील?

पुराचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२४ मध्ये आपली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली (धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फूट, पण एवढं कोण लक्षात ठेवतं) तेव्हा कितीतरी सोसायट्यांचे तळमजले पाण्यात होते आणि मीटरचे बॉक्सही. आता पाणी उतरलं की तुम्ही काय करायचं, तर खाली उतरायचं, नदीतली मगर कुठे बसलीय का ते टॉर्च मारून नीट बघायचं, आणि मग ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभं राहून मेन स्विच वर करायचा. फोन चार्ज करायचाय हो! वायरिंग सुकू देणं, वायरमनकडून चेक करून घेणं, हे सगळं ज्यांना वेळ आहे त्यांनी करावं.

वायरमनवरून आठवलं. लायसन्सवाला काँट्रॅक्टर शोधू नका, तो महाग पडतो आणि उगाच प्रश्न विचारतो. आपला नेहमीचा पोरगा बोलवा, जो पंखाही बसवतो, आरओही आणि डिश टीव्हीही. कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट लागतोच, तर कोणीतरी लायसन्सवाला घर न बघता सही करून देईल, कशाला बिचाऱ्याला तीन मजले चढायला लावायचे. पोरगा "चालशे" (चालेल) म्हणाला की विषय संपला. दीड टनाचा एसी त्याने दीड एमएमच्या वायरवर जोडला तरी चालशे, वायर भिंतीत गरम होते तर होऊ दे, भिंतीत कोण बघतंय.

फ्यूज उडत असेल तर फार हुशारीचं काम आहे, किटकॅट, म्हणजे फ्यूजचा तो चिनीमातीचा तुकडा, काढा, फ्यूजवायरच्या जागी जुन्या केबलमधली तांब्याची तार दुहेरी पीळ देऊन बसवा. परत उडणार नाही, गॅरंटी. उडायचं ते दुसरंच काहीतरी उडेल. आणि एक फ्यूज न्यूट्रलवरही घाला, जुन्या घरांत असतो तसा, नियमात चालत नाही ते सोडा. तो उडाला की दिवे जातात, घरात सगळ्यांना वाटतं लाइट गेली, आणि फेज, म्हणजे करंटवाली तार, मात्र होल्डरपर्यंत जागी असते. बल्ब बदलायला स्टुलावर चढणाऱ्याला मग कळतं.

अर्थिंगचं तर विचारूच नका. तांब्याची पट्टी, खड्डा, मीठ-कोळसा, उन्हाळ्यात पाणी घाला, कोण करतंय? आधीच्या मालकाच्या काळापासून हिरवी वायर नळाला गुंडाळलेली आहे ना, बास. मध्ये बाथरूम रिनोव्हेट केलं तेव्हा प्लंबरने लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचा घातला आणि वायर परत त्यालाच गुंडाळून दिली, किती काळजीने केलं बघा! आता आपल्या गीझरला प्लॅस्टिकचं अर्थिंग आहे. तो ३० मिलिअँपिअरवाला आरसीसीबी म्हणून करंट लीक झाला की वीज तोडणारा जो प्रकार मिळतो तो तर पावसाळ्यात सारखा ट्रिप होतो, म्हणजे कुठेतरी करंट लीक होतोय असं तो सांगत असतो, पण रोज रोज कोण ऐकणार, काढून टाका.

आता कायदा. विद्युत कायदा २००३ चा आहे, जुना झाला, घाबरू नका. खालच्या खोलीत ब्लाउजचं दुकान काढलंत तर घरगुती मीटरवरच चालवा. कलम १२६, म्हणजे विजेचा अनधिकृत वापर, त्याखाली पकडलं तर कधीपासून ते कळलं नाही तर मागच्या बारा महिन्यांचं बिल दुप्पट दराने येतं, आणि त्यावर अपील करायचं तर आधी अर्धी रक्कम भरावी लागते, म्हणजे एका अर्थी बचतच. शेजारच्या प्लॉटवरच्या बांधकामालाही खिडकीतून वायर सोडा, शेजारधर्म आहे, पण तोही त्याच कलमात बसतो हे शेजाऱ्याला सांगू नका, उगाच ओशाळेल. गणपतीत मंडपाला टेम्पररी कनेक्शन मिळतं, फॉर्म भरला की. भरू नका. पोलवर आकडा टाका, बाप्पा बघतोच आहे.

बिल फारच येत असेल तर कोणीतरी तुम्हाला लोहचुंबक विकेल. जरूर घ्या. आजचे बरेच मीटर चुंबक जवळ आला की तेवढा वेळ पूर्ण क्षमतेचा लोड धरूनच मोजतात, म्हणजे तुम्ही स्वतःच्या पैशाने बिल वाढवायचं यंत्र आणलंत, असं कोण आणतं सांगा! त्यातून पकडले गेलात तर वीजचोरीचं कलम १३५, तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही, आणि तुम्ही चोरी केलीच असं आधी धरलं जातं, नाही केली हे सिद्ध करायचं काम तुमचं.

स्मार्ट मीटरवरून मे २०२४ मध्ये आपल्याकडे केवढी ओरड झाली, बिल जास्त येतं म्हणून मोर्चे निघाले. लोकांची शंका रास्त होती, तपासून घ्यायचा हक्कही आहे, रीतसर अर्ज करून फी भरली की मीटर टेस्ट होतो. पण अर्ज कशाला? सील फोडून आत स्वतः बघा.

मग वीज कंपनीचे चेकिंगवाले येतील, येऊ द्या. सांगायचं, साहेब, आम्हाला काय माहीत, आधीच्या मालकाने केलं असेल. साहेब हसत हसत मीटरला वायर लावून लॅपटॉपवर त्याची मेमरी उघडतील, त्यात कव्हर कधी उघडलं, चुंबक कधी आला, तारीख आणि वेळेसकट सगळं लिहिलेलं असतं. तारीख निघेल मागच्या गणपतीची. आणि तुमच्या घराच्या दस्तावरची तारीख त्याच्याही आधीची.