एक गिटार, दोन अ‍ॅम्प आणि काढून टाकलेली अर्थची पिन

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: "दोन अ‍ॅम्प लावायला स्प्लिटर बॉक्स (सिग्नल वाटणारा डबा) कशाला? साधी वाय-केबल घ्या, टोनला काही होत नाही. स्टिरिओ आपोआप मिळतो. हम (सतत घुमणारा आवाज) आला तर एका अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका." यातल्या पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. शेवटच्या वाक्याने जीव जाऊ शकतो.

आधी वाय-केबल, म्हणजे एकाच सिग्नलला दोन फाटे देणारी केबल. सिग्नल दोघांत वाटला म्हणजे आवाज निम्मा होतो, ही भीती खोटीच आहे. अ‍ॅम्पचा इनपुट साधारण १ मेगओहमचा असतो. दोन जोडले की ५०० किलोओहम होतात, आणि तेवढ्याने पिकअपचा (तारांची थरथर टिपणाऱ्या भागाचा) आवाज पडत नाही. पण ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग, जातो. तो खाते केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता). ती मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर सहा-सहा मीटरच्या दोन केबली पिकअपला बारा मीटरच्या एका केबलीसारख्या जड होतात. फाट्याच्या आधी बफर (केबलींचा भार पिकअपवर येऊ न देणारं सर्किट) असलेलं पेडल असेल, तर हा प्रश्न जवळपास मिटतो. फक्त जुन्या पद्धतीचा फझ (आवाज फाटका करणारं पेडल) असेल तर तो बफरच्या आधी, थेट गिटारला लावा. बफरनंतर तो कर्कश होतो.

"स्टिरिओ आपोआप" हे तर साफ चूक. तोच सिग्नल दोन अ‍ॅम्पांत गेला तर तो दोन जागांहून येणारा मोनोच. रोलँडच्या १९७५ च्या जॅझ कोरस-१२० या गिटार अ‍ॅम्पमध्ये ६० वॉटचे दोन पॉवर अ‍ॅम्प आहेत. कोरस लावला की एका स्पीकरातून कोरा आवाज येतो, दुसऱ्यातून सूर किंचित हलवलेला. रुंदी त्या फरकातून येते. म्हणून एका अ‍ॅम्पला कोरी गिटार आणि दुसऱ्याला फक्त डिले-रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा), ही मांडणी मला सगळ्यात आवडते.

आणि पोलॅरिटीचं काय, म्हणजे दोन्ही स्पीकर एकाच वेळी एकाच दिशेला हलतात की उलट? फेंडरच्या साठच्या दशकातल्या ट्विन रिव्हर्बमध्ये एकाच अ‍ॅम्पचे दोन चॅनेल एकमेकांच्या उलटे आहेत, मग दोन वेगळ्या अ‍ॅम्पांची खात्री कोण देणार? जाडी ई तार वाजवा. दोन्ही अ‍ॅम्प चालू केल्यावर बेस वाढण्याऐवजी पातळ झाला, तर एक बाजू उलटी आहे. वाय-केबलीवर ती फिरवायला बटण नसतं. डिजिटल पेडलमुळे एक बाजू १ मिलिसेकंद जरी मागे पडली, तरी ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज खाल्ला जातो.

आता अर्थची पिन. दोन्ही अ‍ॅम्प भिंतीतून अर्थला जोडलेले असतात आणि वाय-केबलीच्या शिल्डमधूनही (आतल्या तारेभोवतीच्या जाळीतूनही) एकमेकांना जोडले जातात. त्या वेटोळ्यातून फिरणारा करंट म्हणजे तो हम. पिन काढली की तो थांबतो, हे खरं. पण आत कुठे इन्शुलेशन गेलं, तर २३० व्होल्ट थेट अ‍ॅम्पच्या पत्र्यावर येतात, आणि गिटारच्या तारा ब्रिजमार्गे त्याच पत्र्याला जोडलेल्या असतात. "दुसऱ्या अ‍ॅम्पचं अर्थिंग आहे की" असं उत्तर मिळतं. ते अर्थिंग पोचतं केबलीच्या बारीक शिल्डमधून, जी अशा करंटसाठी बनवलेलीच नाही. जॅक निघाला की तेही गेलं. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी स्टेजवरच गेला, अर्थिंग धड नसलेल्या माइकला हात लागून.

हमवर उपाय आहे. दोन्ही अ‍ॅम्प आधी एकाच विजेच्या बोर्डावर लावून पाहा. तरीही राहिला, तर एका बाजूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर घ्या. तो ऑडिओचं वेटोळं तोडतो, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं, आणि पोलॅरिटीचं बटणही बहुतेक त्याच डब्यावर मिळतं. पिन आधीच काढली असेल, तर तो प्लग आजच बदला. उद्या तोच अ‍ॅम्प कुणीतरी एकटाच मांडवात लावेल, आणि पिन नाही हे त्याला ठाऊक नसेल.