यंदा पंधराच खेळायचं

गेल्या पावसाळ्यात आमची पोरं रग्बीचे सहा सामने खेळली आणि सहाच्या सहा हरली. परवा रविवारी प्रॅक्टिस संपल्यावर आम्ही मोठी माणसं मैदानाच्या कडेला बसलो आणि विषय निघाला, की यंदा पंधरा जणांचा संघ बंद करून नुसतं सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचं छोटं रग्बी, खेळावं का. निर्णय येत्या रविवारी आहे. मला तिथे नीट बोलता आलं नाही, घसा भरून आला, म्हणून इथे सगळं लिहितोय. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीतले बरेच पालक मला इथे वाचतात, त्यांनाही कळू दे.

सेव्हन्सच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. दहा-बारा पोरांत भागतं. चौदा मिनिटांत सामना उरकतो. २०१६ च्या रिओपासून ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्सच आहे, त्यामुळे पैसा आणि टीव्हीसुद्धा तिकडेच. गेल्या जुलैत चुनाभट्टीला रुळांवर पाणी भरलं, आमची काही पोरं वाशीला हार्बरच्या फलाटावर अडकली, आणि समोरच्या पंधरांविरुद्ध आम्ही बारा जण घेऊन उतरलो. त्या दिवशी मलाही वाटलं होतं, कशाला हा अट्टहास.

पण सेव्हन्सला वेगवान पोरगं लागतं. तशी पोरं आमच्याकडे पाच आहेत, फार तर सहा. उरलेल्या सतरा जणांना काय सांगायचं?

आमच्या तीन नंबरचं बघा. अंगाने थोराड, पळताना धाप लागते. शाळेत त्याला कबड्डीत कुणी घेतलं नाही आणि क्रिकेटमध्ये कायम अंपायर केलं. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना रेटतात ते. त्यात तीन नंबरची जागा सगळ्यात कठीण. एक आणि तीन नंबर म्हणजे प्रॉप, पहिल्या रांगेची दोन टोकं. एक नंबरचा प्रॉप एका खांद्याने ढकलतो, त्याची एक बाजू मोकळी असते. तीन नंबरचं डोकं मात्र समोरच्या दोघांच्या मधे जातं, दोन्ही खांद्यांवर भार येतो. गेल्या वर्षी आमच्यापेक्षा वजनदार संघाला हा पोरगा हळूहळू मागे नेत होता. मी कडेवरून बघत होतो. त्याचे बूट चिखलात घोट्यापर्यंत रुतले होते आणि पाठ टेबलासारखी सपाट होती. अशा पोराला सेव्हन्समध्ये जागा कुठे आहे? चार नंबर सहा फूट दोन इंच आहे आणि उंचीची लाज वाटून वाकून चालतो. लाइनआऊटला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे परत फेकतात तेव्हा, दोघांनी वर उचलला की तो ताठ होतो. नऊ नंबर घणसोली गावातला, वजन बावन्न किलो, तोंड क्षणभर बंद नसतं. पंधराच्या रग्बीत जाडा, उंच, बुटका, बडबड्या, प्रत्येकाला काम आहे. म्हणून मी या खेळात पडलो आणि म्हणूनच तो सोडायची माझी तयारी नाही.

आता मुद्दा यंदा काय होणार याचा. नुसत्या प्रेमावर संघ चालत नाही, हे मलाही कळतं. आम्ही का हरलो ते मी वहीत लिहून ठेवलंय. ताकद कमी पडली म्हणून हरलो असं त्यात फार कमी ठिकाणी आहे.

पहिलं कारण कबड्डी. आमची निम्मी पोरं कबड्डीतून आलेली, आणि पकडलेला गडी सोडायचा नाही हे त्यांच्या हाडात मुरलंय. रग्बीत उलटं आहे. टॅकल करून गडी जमिनीवर आला की त्याला लगेच सोडावा लागतो, नाहीतर पेनल्टी. एका सामन्यात आमच्यावर चौदा पेनल्ट्या लागल्या, त्यातल्या नऊ न सोडल्याबद्दल. प्रत्येक पेनल्टीला समोरचे लाथेने चेंडू वीस-तीस मीटर पुढे बाहेर मारायचे, लाइनआऊटचा थ्रोही त्यांनाच मिळायचा, आणि आम्ही पुन्हा आमच्याच रेषेजवळ. असं ऐंशी मिनिटं कोण सोसणार?

फेब्रुवारीपासून आम्ही एकच गोष्ट घोटतोय. टॅकल करणाऱ्याने पडल्या पडल्या मोठ्याने "सोडला!" म्हणायचं आणि हात वर करायचे. पहिले दोन आठवडे पोरांना लाज वाटायची. आता मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी मैदानाजवळून गेलात तर "सोडला, सोडला" एवढंच ऐकू येतं. परवाच्या सरावसामन्यात न सोडल्याबद्दल फक्त दोन पेनल्ट्या लागल्या. माझ्या मते आमच्या पुढच्या हंगामातला सगळ्यात मोठा फरक हाच असेल.

दुसरं कारण पाऊस. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात हा खेळ होतो आणि ओला चेंडू हातातून साबणासारखा निसटतो. तर आता प्रॅक्टिसला बादलीत साबणाचंच पाणी घेऊन चेंडू त्यात बुडवतो. हूकरला, म्हणजे दोन प्रॉपच्या मधल्या गड्याला, लाइनआऊटचा थ्रो सरळ टाकावा लागतो, जरा वाकडा गेला की चेंडू समोरच्यांना. आमचा हूकर रोज सकाळी क्लासला जायच्या आधी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूने काढलेल्या गोलात पन्नास थ्रो मारतो. त्या गोलाच्या आतला रंग आता उडालाय आणि खाली विटा दिसतात. गेल्या वर्षी दहातले चार थ्रो आमच्या हातात पडायचे, आता सात पडतात.

तिसऱ्या कारणावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही, ते लपवत नाही. चौथ्या सामन्यात मध्यंतराला आम्ही पुढे होतो. मग तीन नंबरचा घोटा मुरगळला. पहिल्या रांगेत न शिकलेला पोरगा उभा करता येत नाही, मान मोडू शकते, म्हणून नियमच तसा आहे. आमच्याकडे शिकलेला राखीव प्रॉप नव्हता. रेफरीने स्क्रम बिनढकलीचे केले आणि आमची एकमेव जमेची बाजू तिथेच संपली. शेवटी सामना नऊ गुणांनी गेला. यंदाही पहिल्या रांगेत तयार पोरं चारच आहेत. मला सहा हवीत.

मानेची भीती पालकांना वाटते ती योग्यच आहे. मार्चमध्ये आमच्या एक नंबरचे वडील मैदानावर आले. एपीएमसीत माथाडी आहेत, मूळ गाव साताऱ्याकडचं. खांद्यावर टॉवेल, कमरेला पोत्याचा आकडा तसाच. बराच वेळ स्क्रम बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "सर, पोत्याखाली मान वाकडी गेली की माणूस गेला. पोरं पाठीनं रेटत्यात. मांडीनं रेटायचं." आणि टॉवेल बाजूला ठेवून, पँट वर खोचून, पोरांना वाकून दाखवलं. पाठ कशी ठेवायची, पाय कुठे रोवायचे, नजर कुठे ठेवायची. प्रशिक्षणात मी जे शिकलो तेच हा माणूस पन्नास किलोच्या पोत्यांखाली तीस वर्षांत शिकला होता. त्या दिवसापासून आमचा स्क्रम बदलला. ते आता दर गुरुवारी येतात. आधी त्यांनी पोराला यायला बंदी केली होती.

काही जण म्हणाले, सहा पराभवांनंतर पोरं खचतील, टिकणार नाहीत. मी त्यांना इटलीचं सांगतो. सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेत २०१५ पासून इटली सलग ३६ सामने हरली. यांना स्पर्धेतून काढा, असं लोक उघड बोलायचे. १९ मार्च २०२२ ला कार्डिफमध्ये शेवटच्या मिनिटांत कापुओत्सो नावाचा किरकोळ अंगाचा फुलबॅक स्वतःच्या अर्ध्यातून तीन-चार जणांना चकवत निघाला, पादोवानीला पास दिला, ट्राय झाला, म्हणजे चेंडू वेल्सच्या रेषेपलीकडे टेकवला, गार्बिसीने किक घातली आणि वेल्स २२-२१ ने हरलं. तेच वेल्स पुढे ऑक्टोबर २०२३ पासून सलग १८ कसोटी सामने हरलं आणि जुलै २०२५ मध्ये जपानात, कोबेला, ३१-२२ ने जिंकून त्यातून सुटलं. पंधराचा संघ बंद करायचं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या मुलींचं बघा. भारताच्या महिला संघाने पंधराचं आंतरराष्ट्रीय रग्बी २०१८ मध्ये सुरू केलं. पहिला विजय यायला जून २०१९ उजाडलं, मनिलामध्ये सिंगापूरविरुद्ध २१-१९. ओडिशाच्या सुमित्रा नायकने सामना संपत आलेला असताना पेनल्टी मारून तो जिंकून दिला. आमच्या पोरांना मी ती किक मोबाइलवर इतक्या वेळा दाखवलीय की आमचा दहा नंबर आता पावलंसुद्धा तिच्यासारखी मोजतो.

माझा अंदाज विचाराल तर सहातले दोन सामने आम्ही नक्की जिंकू. ज्या दोन संघांशी गेल्या वर्षी दहाच्या आत हरलो, ते दोन. तिसरा आमच्या हातात असेल, पण त्यासाठी शेवटची वीस मिनिटं पाय चालले पाहिजेत, आणि आत्ता ते चालत नाहीत. मेअखेरपर्यंत पामबीच रोडला पहाटे धावून घेतोय. वरच्या दोन संघांसमोर हरू, मोठ्या फरकाने हरू, त्यांची मुलं वर्षभर खेळतात. पहिला सामनाही जाईल असं वाटतं, कारण बारावीची मुलं उशिरा परतली आणि बॅकलाइन, म्हणजे मागची पळणारी पोरं, अजून एकमेकांना ओळखत नाही. यापेक्षा जास्त आश्वासन मी रविवारी देणार नाही.

ट्रेनचं म्हणाल तर यंदा सामन्याच्या दिवशी पावसाचा इशारा असेल तर आदल्या रात्रीच पोरांना मुंबईत न्यायचं ठरवलंय. एका पालकांची परळला चाळीत खोली आहे. दाटीवाटीने का होईना, वीस जण झोपतील.

तेव्हा एक मागणं आहे. मला दोन प्रॉप हवेत. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, तुर्भे, कुठलाही मुलगा चालेल. वय सतरा ते बावीस, वजन ऐंशीच्या वर, मान जाड. कुस्ती केलेली असेल तर फारच चांगलं. पळता येत नाही म्हणून ज्याला कुणी कधी संघात घेतलं नाही, तो तर आधी पाठवा. बूट नसले तरी चालेल, दहा नंबरचे दोन जोड आमच्याकडे पडून आहेत. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहाला. पहिले सहा आठवडे नुसती मान आणि पाठ तयार करू, स्क्रममध्ये घालणार नाही. गुरुवारी आलात तर ते साताऱ्याचे काकाही भेटतील.