लिनक्स 'डिस्क फुल' म्हणतंय म्हणून एफएससीके मारू नका

काल रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. परळच्या एका छोट्या ऑफिसचा सर्व्हर तो सांभाळतो. "मामा, डिस्क फुल म्हणतोय, पण डीएफमध्ये (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) 41 टक्केच वापरलेली दिसतेय. ग्रुपवर उपाय आलाय, करू का?" उपाय म्हणजे सगळीकडे फिरणारा तो मेसेज: जागा असून लिनक्स फुल म्हणत असेल तर फाइल सिस्टिम (डिस्कवरच्या फायलींची मांडणी) करप्ट झाली समजा, चालू मशीनवरच एफएससीके -वाय (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड, प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हणून) मारा, लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फायली) उडवा, तरी नाही झालं तर फॉरमॅट करा.

करप्ट कशावरून? 'नो स्पेस लेफ्ट' हा एरर ब्लॉक (डेटा ठेवायच्या जागेचे तुकडे) संपले तरी येतो, आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपले तरी येतो. ईएक्सटी4 ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम बनवतानाच साधारण दर 16 केबीमागे एक आयनोड ठरतो. एक-दोन केबीच्या लाखो फायली साठल्या की जागा उरते, आयनोड उरत नाहीत. भाच्याला आयनोड मोजणारी डीएफ -आय मारायला सांगितलं. 100 टक्के! वेबसाइट चालवणाऱ्या पीएचपीच्या सेशन फायली (प्रत्येक भेटीमागे बनणाऱ्या छोट्या फायली) कित्येक महिने कुणी साफच केल्या नव्हत्या. फाइल शोधणारी फाइंड कमांड लावून जुन्या काढल्या, सर्व्हर रीबूट न करता सुरळीत झाला.

पण मला फोन करण्याआधी त्याने एफएससीके मारून पाहिलंच होतं. नशीब, 'माउंटेड (म्हणजे वापरात) आहे, पुढे जाता येणार नाही' म्हणून ते थांबलं. मेसेजवर विसंबून त्याने जबरदस्ती केली असती तर? कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहितोय त्याच वेळी दुसरा प्रोग्रॅम त्याच तक्त्यांत खाडाखोड करणार, म्हणजे धडधाकट फाइल सिस्टिम आपल्याच हाताने मोडायची. ईटूएफएससीकेचं (ईएक्सटी4साठीच्या एफएससीकेचं) मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका, उघडून बघा: माउंटेड फाइल सिस्टिम तपासू का, असं विचारलं तर एकच बरोबर उत्तर आहे, 'नाही'. हे ते हत्यार बनवणाऱ्यांनीच लिहिलंय. आणि मेसेज सांगतो, सगळ्याला डोळे मिटून 'हो' म्हणा!

लॉगचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मानतो. लॉगने डिस्क भरते. पण प्रोग्रॅमने उघडी ठेवलेली फाइल आरएम कमांडने उडवली तर नाव जातं, जागा सुटत नाही. उघड्या फायली दाखवणाऱ्या एलएसओएफ +एल1 मध्ये ती दिसते. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करा, नाहीतर मुळात फाइल न उडवता ट्रंकेट कमांडने रिकामी करा.

फॉरमॅटबद्दल काय बोलायचं! ऑफिसचा सगळा हिशेब त्याच डिस्कवर होता.

भाच्याने सेशन साफ करायला क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावलाय. तो मेसेज मात्र ग्रुपवर अजून तसाच आहे. ज्यांनी टाकलाय त्यांनी आजच्या आज काढावा.