मिठाला शिव्या घालणं बंद करा, आधी टँकरचं पाणी बघा

आता खरंच डोक्यात गेलंय. रविवारी घरी बारा माणसं, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे असा बेत, अर्धा किलो वाटाणे शनिवारी रात्रीच भिजत घातलेले, आणि सात शिट्ट्या झाल्यावर कुकर उघडून एक दाणा बोटात दाबला तर साल सुटून हातात आलं आणि आतला दाणा खडूसारखा कचकन मोडला. परत चार शिट्ट्या. परत तेच. तिकडे वडे तळून गार होतायत, पोरं भूक भूक करतायत, आणि मी आपली दाणे दाबत उभी.

त्यात चुलत सासूबाई आत येऊन म्हणतात, "मीठ आधीच टाकलंस ना, मग शिजतील कसे?" जावेने लगेच मान डोलावली. दरवेळी हेच! राजमा असो, चवळी असो, काही शिजलं नाही की मीठ आणि मीठ टाकणारी सून. अहो मिठाने वाटाणा कडक होत नाही हो! उलट भिजवतानाच मीठ घातलं की त्यातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं आणि साल लवकर मऊ पडते. मी लिटरभर पाण्याला चमचाभर टाकते, टाकणारच.

मीठ शेवटी टाकणाऱ्यांची उसळ खाल्लीये मी. रस खारट, दाणा अळणी. सुकं खोबरं आणि कांदा खरपूस भाजून वाटप करायचं, मालवणी मसाला घालायचा, घरभर वास सुटतो, आणि दाणा चावला की आत नुसतं पचपचीत पीठ. कशी लागणार चव, मीठ आत मुरायला वेळ नको? आंबटाचं म्हणाल तर ते खरंय, कोकम, चिंच, टोमॅटो आधी पडलं तर दाणा अडून बसतो, म्हणून कोकम मी शेवटच्या उकळीलाच टाकते. पण आंबटाचा नियम उचलून मिठाच्या गळ्यात कोणी बांधला?

वाटाणे जुने होते म्हणाल तर तेही नाही. त्याच पिशवीतले अर्धे आईला दिलेले, ठाण्यातच नौपाड्यात, नळाचं पाणी, मीठ माझ्याइतकंच, पाच शिट्ट्यांत लोण्यासारखे शिजले. फरक फक्त पाण्याचा. आमच्याकडे घोडबंदर रोडला टँकर, तोही बोअरचा, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, भांडी पुसली तरी डाग. असल्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम वाटाण्याच्या सालीत जाऊन बसतं मग तो कसला शिजतोय! तानसा आणि भातसा ही धरणं आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरला, आणि आम्ही महिन्याला मेंटेनन्सच्या वर टँकरचे पैसे भरायचे, वर स्वयंपाक येत नाही हे पण ऐकायचं. संताप येतो हो, खरंच. अकरा शिट्ट्यांचा गॅस गेला आणि शेवटी बटाट्याची भाजी करून वाढली.

काल उरलेले मूठभर वाटाणे फिल्टरच्या पाण्यात मीठ घालून भिजवले, आज शिजवलेही त्याच पाण्यात. सहाव्या शिट्टीला बोटाने दाबला, पार मऊ, आणि आतपर्यंत मीठ लागलेलं. संध्याकाळी वाटीभर सांबारं काकींकडे पाठवतेय, आणि मीठ आधीच टाकलंय हे फोन करून सांगणार आहे.