‘पेशंट पाहिलेत का कधी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, इनहेलरचा गुण दवाखान्यांच्या नोंदींवरून कसा जोखतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘सगळा आकड्यांचा खेळ. पेशंट पाहिलेत का कधी? नोंदी चाळून कळत असतं तर ट्रायल कशाला केल्या असत्या? आलेख वाचता येत नाहीत, आणि किमतीबद्दल अवाक्षर नाही.’

आलेखांवरची अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात, हे मान्य. मोठी करून पुन्हा चढवते. पण ते दुसरं वाक्य ज्या सुरात लिहिलंय, तो सूर मला लागला.

पाहिलाय पेशंट. घरातच पाहिलाय. आईचा अर्धा जन्म चुलीच्या धुरात गेला. विडी-सिगारेटला तिनं कधी हात लावला नाही, तरी साठीनंतर न्हाणीघरापर्यंत जाताना तिला दोनदा टेकावं लागायचं. डिस्चार्जच्या कागदावर स्टिरॉइडचं इनहेलर लिहून दिलेलं. गावच्या मेडिकलमध्ये ते नव्हतं, म्हणून सुरू झालं पुढच्या महिन्यात. त्यानंतरही कॅप्सूल उघडून बघितली की निम्मी पावडर आत तशीच, कारण जोरात ओढायला छातीत दमच नव्हता. नोंदीत मात्र ‘औषध दिलं’ एवढंच राहतं.

लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं, की तो डिस्चार्ज आणि औषध सुरू होणं यांच्या अशाच मधल्या दिवसांवर उभा आहे. 2001 साली डॉन सिन आणि जॅक टू या संशोधकांनी कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या 65 वर्षांपुढच्या 22,620 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. घरी सोडल्यापासून 90 दिवसांत स्टिरॉइड इनहेलर घेतलेल्यांमध्ये वर्षभरातले मृत्यू 29 टक्क्यांनी कमी निघाले. पण ज्याला 80व्या दिवशी इनहेलर मिळालं, तो तोवर जिवंत होता म्हणूनच मिळालं. जो दहाव्याच दिवशी गेला, तो बहुधा ‘न घेतलेल्यां’त जमा. आईची नोंद तिथे असती, तर इनहेलरविना काढलेला तिचा महिनाही इनहेलरच्या खात्यावर पडला असता. मॉन्ट्रियलचे संशोधक सामी सुइसा यांनी 2003 मध्ये कॅनडाच्याच सॅस्केचेवान प्रांताच्या नोंदींवर हे दाखवून दिलं. आधीच्या पद्धतीनं मोजलं की औषधाचा फायदा दिसतो. औषधाआधीचे दिवस औषधाविना धरले की तो उरत नाही. पेशंट तेच, नोंदी त्याच. प्रॉपेन्सिटी स्कोअर (औषध मिळण्याची शक्यता सारखी असलेले रुग्ण एकमेकांशी ताडण्याची पद्धत) लावून वय आणि आजाराची तीव्रता कितीही जुळवा, दिवस चुकीच्या खात्यात गेले असतील तर ती चूक निघत नाही. याला खेळ म्हणता? कुणाच्या आईला कुठलं औषध द्यायचं, ते यावर ठरतं.

ट्रायलचं म्हणाल, तर टॉर्च नावाची मोठी ट्रायल लेखात आहेच. 2007, सहा हजारांवर रुग्ण, तीन वर्षं. जोड-औषधाच्या (स्टिरॉइड आणि श्वासनळ्या रुंद करणारं औषध एकत्र) गटात मृत्यू 12.6 टक्के, प्लासिबोत (औषध नसलेलं, दिसायला तसंच इनहेलर) 15.2, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यासाठी उतरला नाही, आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत न्यूमोनिया जास्त झाला. पण त्या ट्रायलमध्ये जायला किमान दहा पॅक-वर्षं (रोज एक पाकीट, असं वर्षभर म्हणजे एक पॅक-वर्ष) धूम्रपान केलेलं असावं लागे. आईला दारातूनच परत पाठवलं असतं. चुलीच्या धुरानं दमलेल्या बायकांचं पुढे काय होतं, ते अशा ट्रायलमधून कसं कळणार?

किंमत हा या लेखाचा विषयच नव्हता.

पुढची हरकत त्या 90 दिवसांच्या हिशेबावर घ्या, जरूर उत्तर देईन. मी काय पाहिलंय, हे मात्र पुन्हा विचारू नका.