पुढचा पूर म्हणे २११९ला!

पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. थोडक्यात असा: २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला तो ढगफुटीमुळे. असं शंभर वर्षांत एकदाच होतं. नुकसान झालं ते झोपडपट्टीच्या अतिक्रमणामुळे. आता ओढ्याला सीमाभिंत झाली आहे, तेव्हा खडकवासल्यातून पाणी सोडलं नसेल तर निवांत झोपा.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. खडकवासला धरण मुठा नदीवर आहे. आंबील ओढा येतो कात्रजच्या डोंगरातून आणि सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. मुठा फुगलेली असली की तोंडाशी ओढ्याचं पाणी तुंबतं, धरणाचा संबंध तेवढाच. पण १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, तेव्हापासून पुणेकराच्या डोक्यात पूर म्हणजे धरण हे पक्कं बसलंय. धरणातून पाणी सोडताना आधी क्युसेकचे (सेकंदाला किती घनफूट पाणी, त्याचे) आकडे तरी येतात. डोंगराला दरवाजे नसतात, त्यामुळे सायरनही नसतो.

ढगफुटी. हवामान खात्याच्या हिशेबात एका तासात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तर ती ढगफुटी. आपल्याकडे छत्री उलटी झाली तरी होते. नाव काहीही द्या, कात्रज-धनकवडीच्या उतारावर जिथे गवत होतं तिथे आता स्लॅब आणि पेव्हर ब्लॉक आहेत. जे पाणी मुरायचं, ते पाइपातून थेट ओढ्यात येतं. म्हणजे तेवढाच पूर यायला आता तेवढा पाऊसही लागत नाही.

‘शंभर वर्षांत एकदा’ याचा अर्थ एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असा नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढाच तो अर्थ. नकाशावरची लाल पूररेषा याच हिशेबाने आखतात; निळी २५ वर्षांच्या पुराची. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंय? हप्ते फिटेपर्यंत ‘शंभर वर्षांतला’ पूर एकदा तरी यायची शक्यता १८ टक्के. तीस वर्षांत २६. आणि हा हिशेबही डोंगरउतार बदलला नाही असं धरून!

आता भिंत. त्या रात्री अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत माणसं गेली ती भिंत कोसळूनच. नवी भिंत मजबूत असेल, मान्य. पण भिंत पाणी कमी करत नाही, खाली ढकलते. तुमच्याकडे थोपलं ते पुढच्या वस्तीत उंच चढतं. शिवाय गल्लीतलं पावसाचं पाणी ओढ्यात उतरायला वाट हवी. ती बुजली की भिंतीच्या आतच तळं. आमच्या कोपऱ्यावर ओढ्यावरच्या कल्व्हर्टखालून, म्हणजे छोट्या पुलाखालून, एक जाड जलवाहिनी आडवी गेली आहे. गेल्या पावसाळ्याआधी वाकून पाहिलं तर तिला गादी अडकलेली, गादीला थर्माकोल, थर्माकोलला नारळ. अर्धं तोंड बंद. भिंत मात्र दोन्ही बाजूंना नवीकोरी.

राहिलं अतिक्रमण. पात्रात घरं आहेत, हे खरं आहे. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळची घरं पाडायला घेतली, भर पावसाळ्यात, आणि न्यायालयाची स्थगिती आली. पण ओढा अरुंद करणाऱ्यांत पत्र्याच्या घरांइतकेच रस्ते, भराव, ड्रेनेजच्या लाइनी आणि सोसायट्यांची कुंपणंही आहेत. खुद्द पेशव्यांनी ओढा अडवून पर्वतीखाली तळं केलं होतं. ओढा वळवायची हौस जुनी आहे. फरक इतकाच की तळ्यात पाणी मावायचं. आमच्या पार्किंगच्या मागच्या रांगेतल्या चार गाड्या जिथे उभ्या असतात, तिथे जुन्या नकाशात ओढ्याचा काठ दाखवलाय. मेसेज पाठवणाऱ्या काकांची गाडी त्यातली तिसरी.